मोफत ईमेल खातं काढताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

ईमेल खातं काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. अडतं ते पुढे. फोन बदलतो, पासवर्ड आठवत नाही, कोड बंद पडलेल्या नंबरवर जातो आणि खातं समोर दिसत असूनही आत शिरता येत नाही. म्हणून या लेखात फॉर्म भरण्यापेक्षा त्याच्या आधीच्या आणि लगेच नंतरच्या कामांना जास्त जागा दिली आहे. उदाहरणं जीमेलची आहेत. आउटलुक, याहू किंवा प्रोटॉन मेल घेतलं तरी क्रम साधारण हाच राहतो, बटणांची नावं आणि मर्यादांचे आकडे तेवढे बदलतात.

## १. आधी बघा, खातं आहेच का?

बरेच जण ही पायरी गाळतात. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधून एखादं जरी ॲप उतरवलं असेल, तर त्या फोनवर गूगल खातं आहे आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर जीमेलचा पत्ताही आहे. फोन नवा असताना घरातल्या कुणीतरी तो घाईत काढून दिलेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

फोनच्या सेटिंग्जमध्ये जा आणि ‘गूगल’ हा पर्याय उघडा. वर नाव आणि पत्ता दिसेल. आता तीन गोष्टी तपासा: पासवर्ड माहीत आहे का, खात्यावरचा फोन नंबर तुमचा आहे का, आणि त्यावरची जन्मतारीख खरी आहे का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर नवं खातं काढूच नका, थेट सहाव्या पायरीवर जा. पासवर्ड माहीत नसेल पण खातं फोनवर चालू असेल, तर आत्ताच तो बदलून घ्या. चालू फोनवरून हे काम सहज होतं. तोच फोन हरवल्यावर ते डोकेदुखीचं होऊन बसतं.

पासवर्ड विसरला की नवं खातं काढायचं, ही सवय सगळ्यात महागात पडते. जुन्या पत्त्यावर बँक, नोकरीचे अर्ज, मुलांच्या शाळेचे निरोप येतच राहतात आणि ते वाचणारं कुणी नसतं.

इशारा: जुनं खातं नकोसं वाटलं तरी ते फोनवरून लगेच काढून टाकू नका. संपर्क आणि फोटो त्याच खात्याशी जोडलेले असू शकतात. ते दुसरीकडे घेतल्याची खात्री करा, मग काढा.

## २. हाताशी काय हवं

फॉर्म उघडण्याआधी हे जवळ घेऊन बसा:

- चालू फोन नंबर. सिम तुमच्याजवळच्या फोनमध्ये हवं आणि त्यावर एसएमएस यायला हवेत. एकाच नंबरवरून किती खाती काढता येतात याला मर्यादा आहे. तो नंबर आधी बऱ्याच खात्यांसाठी वापरला असेल, तर पडताळणीसाठी चालणार नाही असा निरोप येतो.
- दुसरा ईमेल पत्ता. तुमचा जुना असेल तर उत्तम. नसेल तर घरातल्या अशा माणसाचा, ज्याला तुम्ही रात्री अकरालाही फोन करून ‘कोड सांग’ म्हणू शकाल.
- वही आणि पेन. पत्ता त्याच्या अचूक स्पेलिंगसह लिहून ठेवायला.
- स्वतःचा फोन किंवा संगणक. ऑफिसच्या, ग्रंथालयाच्या किंवा मित्राच्या संगणकावर पहिलं खातं काढू नका. पुढे कधी ओळख पटवायची वेळ आली, तर आपण नेहमी वापरतो त्याच उपकरणावरून आणि नेहमीच्या जागेवरून केलेला प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता जास्त असते.

खातं कुणा दुसऱ्यासाठी, समजा आई-वडिलांसाठी, काढत असाल तर फोन नंबर त्यांचाच द्या. सोय म्हणून मुलाचा नंबर टाकला जातो आणि मग मुलगा मीटिंगमध्ये असताना इकडे आईचा कोड अडकून बसतो.

## ३. पत्ता आधी कागदावर ठरवा

पत्त्याचे दोन भाग असतात. ‘@’ च्या आधीचा भाग तुम्ही निवडता, नंतरचा भाग सेवा देणाऱ्या कंपनीचा असतो. जीमेलमध्ये पहिला भाग ६ ते ३० अक्षरांचा लागतो. त्यात इंग्रजी अक्षरं, अंक आणि टिंब एवढंच चालतं. अंडरस्कोर किंवा आडवी रेघ चालत नाही, जागा सोडलेलीही चालत नाही.

जीमेल या भागातली टिंबं मोजत नाही आणि अक्षरं लहान की मोठी हेही बघत नाही. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब दिलं काय न दिलं काय, मेल त्याच पेटीत येतो. त्यामुळे हवं ते नाव आधीच कुणी घेतलेलं असेल, तर नुसतं टिंब घालून ते मिळत नाही. बाकीच्या सगळ्या सेवा असं करतीलच असं मात्र नाही, म्हणून दुसऱ्याचा पत्ता लिहिताना टिंब असेल तिथे टिंब द्याच.

चांगला पत्ता फोनवर एकदा सांगितला की पुढच्याला बरोबर लिहिता येतो. ही कसोटी लावली की बरेच पत्ते गळून पडतात:

- इंग्रजी ओ आणि शून्य, तसंच लहान एल आणि एक, शेजारी शेजारी आले तर लिहिणारा हमखास चुकतो.
- एकच अक्षर लागोपाठ तीनदा येत असेल तर एखादं सुटतं. नाव ‘ए’ ने संपून आडनाव ‘ए’ नेच सुरू होत असेल, तर मध्ये टिंब दिलेलं बरं.
- मराठी नावांची स्पेलिंग पक्की नसतात. ‘दीपाली’ मध्ये डबल ई की आय, ‘विद्या’ मध्ये व्ही की डब्ल्यू? तुमच्या कागदपत्रांवर जे स्पेलिंग आहे तेच घ्या.
- जन्मवर्ष टाकू नका. पत्ता पाहणाऱ्या प्रत्येकाला वय कळतं आणि तुमच्याविषयी अंदाज बांधणाऱ्याला एक धागा मिळतो.
- ‘कूल’, ‘एंजल’, ‘रॉकस्टार’ वगैरे शब्द दहावीत बरे वाटतात, नोकरीच्या अर्जावर नाही.

नाव मिळालं नाही की फॉर्म स्वतःच दोन-तीन पर्याय सुचवतो. त्यांत शेवटी आकडे चिकटवलेले असतात. घाईत पहिला पर्याय निवडला जातो आणि मग ते चार आकडे जन्मभर सांगत बसावं लागतं. त्यापेक्षा मधल्या नावाचं आद्याक्षर, व्यवसाय किंवा आडनाव आधी आणि नाव नंतर, असे तीन-चार पर्याय कागदावर तयार ठेवा. पत्ता पुढे बदलू या भरवशावर राहू नका.

तपासा: ठरवलेला पत्ता कुणाला तरी फोनवर सांगा आणि त्यांनी काय लिहिलं ते वाचायला लावा. पहिल्या झटक्यात बरोबर आला तर ठेवा.

## ४. फॉर्म भरा

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जीमेल डॉट कॉम हा पत्ता स्वतः टाइप करा. सर्चमध्ये ‘जीमेल’ टाकून वर येईल त्या दुव्यावर टिचकी मारू नका, जाहिरातीतले दुवे भलतीकडे नेऊ शकतात. ‘क्रिएट ॲन अकाउंट’ निवडा आणि खातं स्वतःच्या वापरासाठी असल्याचं सांगा. पुढचे पडदे कधी थोडे पुढेमागे होतात, पण विचारतात ते असं:

नाव आणि आडनाव. हे पत्त्याहून वेगळं आहे. तुमचा मेल ज्याला जाईल त्याच्या पडद्यावर हेच नाव दिसतं. इथे ‘पप्पा’ किंवा ‘सोनू’ लिहिलं, तर कार्यालयात पाठवलेला अर्जही ‘सोनू’ च्या नावाने पोचतो. हे नाव नंतर बदलता येतं.

जन्मतारीख. खरी टाका. घाईत चालू वर्षच तसंच राहिलं किंवा गंमत म्हणून काहीही भरलं, की यंत्रणा तुम्हाला लहान मूल समजते. स्वतःचं खातं चालवायला बहुतेक देशांत किमान १३ वर्षांची अट आहे, काही ठिकाणी त्याहून जास्त. वय कमी ठरलं तर खातं बंद होऊ शकतं आणि वयाचा पुरावा देत बसावं लागतं.

पत्ता. कागदावरचा. इथे ‘@’ आणि पुढचा भाग लिहायचा नसतो, तो आपोआप लागतो.

पासवर्ड, दोनदा. पुढची पायरी वाचून मगच भरा.

पडताळणी. फोन नंबर मागतात आणि एसएमएसवर कोड येतो. संगणकावर काही वेळा क्यूआर कोड दिसतो, तो फोनने स्कॅन करून पुढचं काम फोनवर करायचं असतं. कोड आला नाही तर लागोपाठ पाच-सहा वेळा ‘पुन्हा पाठवा’ दाबू नका. जुने कोड उशिरा येऊन गोंधळ होतो आणि थोड्या वेळासाठी प्रयत्नच बंद केले जातात. आधी देशाचा कोड बरोबर निवडलाय का बघा, फोनला रेंज आहे का बघा, मग दोन-तीन मिनिटं थांबून एकदाच परत मागवा.

परतीचा, म्हणजे ‘रिकव्हरी’ ईमेल. आत शिरता आलं नाही तर कोड ज्यावर येतो तो दुसरा पत्ता. इथे ‘स्किप’ चं बटण असतं आणि बहुतेक जण ते दाबतात. तुम्ही दाबू नका.

इशारा: फॉर्म अर्ध्यावर असताना ‘मागे’ चं बटण वापरू नका. भरलेलं पुसलं जातं. कधी खातं तयार झालेलं असतं आणि आपण तेच नाव परत टाकून ‘आधीच घेतलेलं आहे’ वाचत बसतो.

## ५. पासवर्ड

किमान ८ अक्षरं लागतात, पण आठवर थांबू नका. ओळीने चार-पाच असंबद्ध शब्द घ्या आणि मध्ये एखादा आकडा किंवा चिन्ह टाका. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तर लक्षात राहायला सोपं जातं: खिडकी, हत्ती, पावणेतीन, रुमाल अशा जातीचे, एकमेकांशी काही नातं नसलेले. हेच चार मात्र घेऊ नका, ते आता इथे छापले गेले. म्हणी, गाण्याच्या ओळी, देवाची नावं, गाडीचा नंबर, मुलांची नावं हे सगळं बाद.

हा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही साइटवर वापरू नका. कारण साधं आहे. एखाद्या साइटचा पासवर्डांचा साठा फुटला की चोर तीच जोडी, म्हणजे पत्ता आणि पासवर्ड, आधी ईमेलवर लावून बघतात. ईमेल हातात आला की बाकीच्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलो’ वाले दुवे तिथेच येतात. एका किल्लीने सगळी घरं उघडतात.

लिहून ठेवायचा का? घरातल्या वहीत, हो. कपाटातल्या वहीपर्यंत पोचणारा चोर आणि इंटरनेटवरचा चोर वेगवेगळे असतात. पण फोनच्या नोट्समध्ये, स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲपमध्ये किंवा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नको. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड कुलपात सांभाळणारं ॲप, वापरत असाल तर प्रश्नच मिटला.

## ६. परतीच्या वाटा तयार करा

आत शिरल्या शिरल्या मेल लिहायला बसू नका. वर उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर किंवा आद्याक्षरावर टिचकी मारा, ‘मॅनेज युवर गूगल अकाउंट’ निवडा, तिथून ‘सिक्युरिटी’. सगळं काम या एका पानावर आहे.

पहिलं, रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल. दोन्ही भरलेले आहेत ना आणि बरोबर आहेत ना, ते एकेक आकडा आणि अक्षर वाचून बघा. रिकव्हरी ईमेल म्हणून असा पत्ता देऊ नका ज्याचा पासवर्ड याच नव्या खात्यातून परत मिळवावा लागेल. दोन खाती एकमेकांच्या किल्ल्या सांभाळत बसली की दोन्ही एकदम बंद होतात. नोकरीच्या ठिकाणचा पत्ताही टाळा. नोकरी सुटली की तो जातो.

दुसरं, दोन पायऱ्यांची पडताळणी. पासवर्डाच्या जोडीला फोनवर होकार किंवा कोड लागतो. एसएमएसपेक्षा फोनवर येणारा होकाराचा निरोप किंवा ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच कोड तयार करून दाखवणारं ॲप, चांगलं, कारण सिम बदललं किंवा कुणी फसवून तुमच्या नंबरचं सिम मिळवलं तर एसएमएस त्याच्याकडे जातो. पासकीचाही पर्याय असतो. त्यात फोनचं कुलूप, म्हणजे बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन, हीच किल्ली होते. पासकी फक्त स्वतःच्या उपकरणावर तयार करा, सामायिक संगणकावर कधीच नाही.

तिसरं, आणि हेच राहून जातं, बॅकअप कोड. दोन पायऱ्यांच्या पडताळणीच्या पानावरच ते मिळतात: आठ आकडी दहा कोड. फोन हरवला, सिम बंद पडलं, परदेशात रेंज नाही, अशा वेळी यातला एक टाकून आत जाता येतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो, वापरला की त्यावर काट मारा. नवा संच काढला की जुने सगळे रद्द होतात. छापून किंवा हाताने लिहून पासपोर्ट-दाखल्यांच्या फायलीत ठेवा. त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या फायलींच्या कपाटात, ठेवलेले कोड म्हणजे घरात विसरलेली घराची किल्ली.

इशारा: फोन नंबर बदलणार असाल तर आधी खात्यात नवा नंबर टाका, तो पडताळा, मगच जुनं सिम सोडा. सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो. रिकव्हरी फोन किंवा ईमेल बदलल्यावरही गूगल ७ दिवस जुन्या ठिकाणी कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं, म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

## ७. बाहेर पडून परत आत या

नवं खातं काढलं त्याच दिवशी ही तालीम करा. ब्राउझरची खासगी खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो, उघडा आणि वहीत बघून पत्ता व पासवर्ड टाइप करा. आधीपासून उघडं असलेलं खातं इथे आपोआप उघडत नाही, म्हणूनच ही खिडकी. ब्राउझरने लक्षात ठेवलेला पासवर्ड सुचवला तरी तो घेऊ नका. आत आलात तर वहीतली नोंद बरोबर आहे. नाही आलात तर लिहिण्यात चूक आहे, आणि ती आत्ता, मूळ खिडकीत खातं उघडं असतानाच दुरुस्त करता येते.

दुसऱ्याच्या संगणकावर मेल बघायची वेळ आली तरी हीच खिडकी वापरा, ‘पासवर्ड जतन करायचा का’ ला नाही म्हणा आणि काम झालं की साइन आउट करून खिडकी बंद करा. विसरलात तर घरी येऊन ‘सिक्युरिटी’ च्या पानावर ‘युवर डिव्हायसेस’ उघडा, तिथून त्या संगणकाला बाहेर काढता येतं. अँड्रॉइड फोनवर मात्र साइन आउट असं वेगळं बटण शोधत बसू नका. तिथे खातं फोनवरून काढावंच लागतं, आणि तसं केल्याने खातं नष्ट होत नाही.

## ८. पहिला मेल: उलट्या क्रमाने लिहा

‘कंपोझ’ दाबलं की चौकट उघडते. वरून खाली भरत जाणं स्वाभाविक वाटतं, पण क्रम उलटा ठेवला तर निम्म्या चुका होतच नाहीत: आधी फाइल जोडा, मग मजकूर, मग विषय आणि पत्ता सगळ्यात शेवटी. पत्ता रिकामा असेपर्यंत अर्धवट मेल चुकून जाऊच शकत नाही.

फाइल. पेपरक्लिपच्या चिन्हावरून जोडा आणि नावाशेजारची पट्टी पूर्ण होईपर्यंत थांबा. जीमेलमध्ये एका मेलला सगळ्या फायली मिळून २५ एमबीची मर्यादा आहे. त्याहून मोठं असेल तर ते ड्राइव्हवर चढतं आणि मेलमध्ये दुवा जातो. पाठवताना परवानगीचा प्रश्न विचारला जातो. न वाचता पुढे गेलात तर समोरच्याला ‘परवानगी मागा’ असा पडदा दिसतो आणि तो तुम्हाला कळवतो की फाइल उघडत नाही. फायलीला नावही नीट द्या. फोनने दिलेलं लांबलचक आकडी नाव ठेवण्यापेक्षा ‘अनुभव दाखला, नाव, वर्ष’ असं काहीतरी. पन्नास अर्जांच्या ढिगात ते सापडतं.

मजकूर. पहिल्या दोन ओळींत काम सांगा. मराठीत लिहायचं तर फोनच्या कीबोर्डवर मराठी भाषा चालू करा. संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये इनपुट टूल्सचा पर्याय आहे.

विषय. ‘नमस्कार’, ‘अर्जंट’ किंवा रिकामी जागा हे विषय नव्हेत. तुलना करून बघा:

- ‘कागदपत्रं’
- ‘भाडेकराराची सही केलेली प्रत, फ्लॅट क्र. ४’

दुसरा मेल दोन वर्षांनी शोधला तरी मिळेल.

पत्ता. ‘टू’ मध्ये ज्याच्याकडून काम हवं तो. ‘सीसी’ मध्ये ज्याला नुसतं माहीत असावं तो. ‘बीसीसी’ मध्ये टाकलेले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत. एकमेकांना न ओळखणाऱ्या चाळीस जणांना एकच निरोप द्यायचा असेल तर सगळे ‘बीसीसी’ त आणि ‘टू’ मध्ये स्वतःचा पत्ता. सगळ्यांचे पत्ते ‘टू’ मध्ये उघडे टाकले की तुम्ही चाळीस जणांची माहिती चाळीस जणांना वाटली, आणि वर कुणीतरी ‘रिप्लाय ऑल’ करून ‘धन्यवाद’ म्हणणारच. अगदी कोऱ्या खात्यावरून पहिल्याच दिवशी शेकडो लोकांना मेल पाठवू नका, खात्यावर बंधनं येतात.

पत्ता लिहिताना पहिली दोन अक्षरं टाकताच सूचना येतात. त्यातलं नाव निवडण्याआधी नावाखालचा पत्ताही वाचा. एकाच नावाची दोन माणसं ओळखीत असतातच.

पाठवल्यावर परत घेणं. ‘सेंड’ नंतर खाली काही क्षण ‘अनडू’ दिसतं. मुळात ते ५ सेकंदच असतं. संगणकावर सेटिंग्जमध्ये ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘जनरल’ इथे जाऊन ते ३० सेकंद करा. त्या पानाच्या अगदी तळाशी ‘सेव्ह चेंजेस’ आहे, ते दाबलं नाही तर काहीही बदलत नाही. ही सोय म्हणजे मेल परत आणणं नव्हे. जीमेल तेवढे सेकंद तो आपल्याकडे धरून ठेवतं. वेळ संपली की गेलेला मेल गेला.

तपासा: पहिला मेल तुमच्या दुसऱ्या पत्त्यावर किंवा घरातल्या कुणाला पाठवा. नाव कसं दिसतंय, फाइल उघडतेय का, मेल स्पॅममध्ये तर नाही पडला, हे तिकडच्या पडद्यावर बघा.

## ९. मेल पोचला नाही, मेल दिसत नाही

‘मेलर डीमन’ किंवा ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टीम’ या नावाने मेल आला की लोक त्याला व्हायरस समजून पुसतात. तो परतलेल्या पाकिटावरच्या शेऱ्यासारखा आहे. न पोचल्याचं कारण त्यातच लिहिलेलं असतं. ‘ॲड्रेस नॉट फाउंड’ असेल तर पत्ता चुकलाय: टिंबाऐवजी स्वल्पविराम, शेवटचा एम राहून नुसतं ‘को’, किंवा कॉपी करताना शेवटी चिकटलेलं पूर्णविरामाचं टिंब. पेटी भरल्याचं लिहिलं असेल तर दोष समोरच्याचा, त्यांना फोन करा.

येणारा मेल दिसत नसेल तर या क्रमाने शोधा. इनबॉक्समध्ये ‘प्रायमरी’ च्या शेजारी ‘प्रमोशन्स’, ‘सोशल’, ‘अपडेट्स’ असे कप्पे असतात, आधी ते. मग ‘स्पॅम’. तिथे सापडला तर नुसता वाचू नका, ‘नॉट स्पॅम’ दाबा, म्हणजे पुढचा बरोबर ठिकाणी येईल. मग ‘ऑल मेल’. शेवटी ‘ट्रॅश’. स्पॅम आणि ट्रॅश दोन्हींतले मेल ३० दिवसांनी कायमचे जातात, म्हणून शोध महिनाभर लांबवू नका.

‘ऑल मेल’ चं कारण मजेशीर आहे. फोनवर मेलवरून बोट आडवं फिरवलं की तो नेहमीच्या रचनेत पुसला जात नाही, ‘अर्काइव्ह’ होतो. म्हणजे इनबॉक्समधून उचलून माळ्यावर टाकला जातो. यादी खाली सरकवताना बोट तिरकं गेलं की मेल ‘गायब’.

मेलच्या उत्तरातही एक खाच आहे. ‘रिप्लाय’ केलं की मूळ मेलच्या फायली सोबत जात नाहीत, ‘फॉरवर्ड’ केलं की जातात. ‘खाली जोडलेली फाइल बघा’ असं उत्तरात लिहिलंत आणि समोरच्याला काहीच दिसलं नाही, तर बहुधा हेच झालेलं असतं.

## १०. जागा आणि जाग

गूगलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते, पण ती एकट्या मेलची नाही. ड्राइव्ह आणि फोटो यांचाही वाटा त्यातच, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही तिथेच मोजला जातो. पेटी भरली की नवे मेल येणं बंद होतं आणि पाठवणाऱ्याला ते परत जातात. तुम्हाला कळतही नाही की कुणी काय पाठवलं होतं. मेल एकेक करून पुसण्यात दुपार घालवू नका. संगणकावर शोधाच्या पट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, आकार १० एमबीहून जास्त असं भरा आणि मोठे मेल आधी काढा. मग ट्रॅश रिकामा करा, कारण त्यातलेही मेल जागा खातात.

खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर गूगल ते सगळ्या मजकुरासह पुसू शकतं. याहूची मुदत तर १२ महिन्यांचीच आहे. रिकव्हरीसाठी ठेवलेलं दुसरं खातं नेमकं याच कारणाने मरतं. दर तीन-चार महिन्यांनी त्यात जाऊन एखादा मेल वाचा.

## ११. संशय आला तर

पासवर्ड, ओटीपी किंवा बॅकअप कोड विचारणारा मेल किंवा फोन खोटा असतो, मग वर कुठलाही लोगो असो. पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून खरा पत्ता बघा. ‘२४ तासांत खातं बंद होईल’ अशा मेलमधल्या दुव्यावर जाऊ नका. स्वतः जीमेल उघडून ‘सिक्युरिटी’ चं पान बघा. काही झालंच असेल तर तिथे दिसतं. त्या मेलच्या तीन टिंबांच्या यादीत ‘रिपोर्ट फिशिंग’ (खोट्या मेलने माहिती काढून घेण्याच्या प्रयत्नाची तक्रार) आहे, ते दाबा.

खात्यात कुणी शिरल्याची शंका असेल तर क्रम असा: आधी पासवर्ड बदला. मग अनोळखी उपकरणं बाहेर काढा. मग रिकव्हरी फोन आणि ईमेल बघा, चोर पहिल्यांदा तेच बदलतो. बॅकअप कोडचा नवा संच काढा. शेवटी जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ हे दोन भाग उघडा. पासवर्ड बदलल्यावरही मेलची प्रत दुसऱ्याला जात राहावी, किंवा बँकेचे मेल परस्पर ट्रॅशमध्ये पडावेत, असा नियम तिथे लिहून ठेवलेला असू शकतो. तुम्ही न घातलेला एकही पत्ता किंवा नियम तिथे दिसला तर तो काढा, आणि त्या पत्त्याचा फोटो काढून ठेवा, तक्रार करताना लागतो.